धडधड काही कमी होईना

"अहो, तुम्ही उलट्या दिशेने चालताय!"

छातीपर्यंत पाण्यात बुडालेल्या एका माणसावर मी आदळले, ती अशी. जपानमधल्या आमच्या तोयामा शहरात, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात अगदी कडेची पट्टी पोहणाऱ्यांची नसते, चालणाऱ्यांची असते. गुडघेदुखीवाले, कंबरदुखीवाले आणि माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या बायका घट्ट टोप्या घालून एकामागोमाग एक गोल फिरत राहतात. माझा पहिलाच दिवस. कुणी बघू नये म्हणून मीच खाली मान घालून निघाले होते.

"मग बाजूने जायचं ना तुम्ही," मी फणकारले.

"जागा कुठाय?"

झालं! म्हणजे मी इतकी सुटलेय? त्याने माझा चेहरा पाहिला आणि तो कानापर्यंत लाल झाला. "नाही, म्हणजे... पट्टी अरुंद आहे हो. पट्टी!"

मला हसू यायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही कळत नव्हतं. पाळी जायची वेळ आली आणि अंग जणू दुसऱ्याच कुणाचं झालं. दातांच्या दवाखान्यात मी पेशंटांच्या वेळा ठरवायला बसते. तिथल्या पांढऱ्या गणवेशाची चेन वर चढेना. खाणं तेच, चालणं तेच, पोट मात्र रोज नवं! मध्येच कानशिलं तापायची, घाम फुटायचा, आणि क्षणात थंडी. नवरा चार वर्षांपूर्वी सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, "तू पूर्वीची राहिली नाहीस." आणि तेव्हा तर मी चांगली सडपातळ होते!

त्या माणसाचं नाव कुरामोची; आदराने सगळे कुरामोचीसान म्हणायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून येत होता. पुढच्या खेपेला मी बरोबर दिशेने चालले, तर तो शेजारी येऊन चालू लागला.

"आज टक्कर नाही?" त्याने विचारलं.

"तुमची इच्छा होती का?"

"मी... गुडघ्याला विचारून सांगतो."

असं सुरू झालं. त्याच्या भुवया पाण्याने ओल्या झाल्या की तो अगदी शाळकरी दिसायचा. लग्न केलं नव्हतं. "पहाटे उठून कामाला लागणाऱ्या माणसाशी कोण संसार करणार?" म्हणायचा. काम कसलं, तर "एका छोट्या कारखान्यात." मी म्हणायचे, गोड खाणं सोडलंय, मिठाईचं दुकान दिसलं की रस्ताच बदलते. तेव्हा तो लगेच विषय बदलायचा.

एकदा मी म्हटलं, "आणखी थोडी बारीक झाले की बंद करीन हे चालणं."

"मग बारीक होऊ नका," तो पटकन बोलून गेला... आणि पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढत बसला.

आता याचा अर्थ काय लावायचा? ओसाकाला असलेल्या लेकीला, कोतोनेला, फोन केला.

"आई, सरळ आहे. त्याला तू आवडतेस."

"या अंगात? वेडी आहेस का! त्याला म्हणायचं असेल की हिचं काही खरं नाही, उगाच धडपडतेय."

"तुझा आवाज असा का येतोय? धावतेयस का?"

"बसलेय गं. छाती धडधडतेय. वयाचं आहे ते."

आणि मग मी हट्टाला पेटले. रात्रीचा भात सोडला, मग सकाळचाही. नुसतं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, पाणी पिऊन तलावावर जाऊ लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाण्यातच डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा काठावर होते, अंगावर टॉवेल, आणि कुरामोचीसान शेजारी गुडघा धरून बसलेले. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही काढलंत मला? एकट्याने?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "म्हणजे... माझं वजन कळलं तुम्हाला."

"पाण्यात कुणाला वजन नसतं."

"आणि काठावर?"

"काठावर..." ते कळवळत हसले, "काठावर माझा गुडघा गेला. पण तो आधीच गेलेला होता, शपथ!"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या भडकल्याच. "उपाशी राहून काय मिळवलंत? या वयात स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून पोट वाढतं. उपाशी राहिलात तर आणखी झिजतील. मासे खा, टोफू खा, अंडी खा. थोडी वजनं उचला, नीट झोपा. थोडं कमी होईल, थोडं अंगावर राहील. ते राहू द्या." घामासाठी औषध दिलं, आणि धडधडीसाठी ईसीजीही काढला. हृदय ठणठणीत निघालं.

मी भात खाऊ लागले. भाजलेला मासा, अंडं, सगळं. पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात उठाबशा काढू लागले. घाम कमी झाला. पण कुरामोचीसान तलावावर दिसेनात. पट्टीत चालताना प्रत्येक टोपीखाली मी त्यांचं तोंड शोधत होते. शेवटी काउंटरवरच्या बाईला विचारलं.

"कुरामोचीसान ना? इवासेला दुकान आहे त्यांचं. बनचं."

दुकान? बनचं?

ट्राममधून इवासेला उतरले. समुद्रावरून गार वारा येत होता, मागे तातेयामाचे डोंगर बर्फाने पांढरे. बंदराच्या गल्लीत वाफ दिसली. अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेले गरम बन... आणि त्या वाफेमागे स्टुलावर, पायाला पट्टा बांधलेले, पीठ मळणारे कुरामोचीसान!

"हा तुमचा कारखाना?"

त्यांच्या हातातला गोळा खाली पडला. "निशिओकासान! छोटाच आहे म्हणालो होतो की..."

"लपवलंत का माझ्यापासून?"

"तुम्ही म्हणालात, मिठाईचं दुकान दिसलं की रस्ता बदलता. मला वाटलं, कळलं तर... माझ्यापासूनही रस्ता बदलाल."

वाफेने की कशाने, माझा चेहरा तापला. मग जे तोंडात आलं ते बोलत सुटले.

"हे बघा, मी फारशी बारीक होणार नाहीये. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. आणि मला काय होतंय ते मलाच कळत नाही. औषधाने घाम गेला, तापणं गेलं. पण धडधड जात नाही. हृदयाला काही झालेलं नाही म्हणतात. मग हे पाळीचं आहे की... की तुमचं..."

शेवटचा शब्द निसटला तो निसटलाच.

कुरामोचीसानांनी पिठाचे हात फडक्याला पुसले. मग अगदी हळू म्हणाले, "मला तर पाळीही नाही, निशिओकासान. मग मला का होते?"

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते हसण्याचं होतं की रडण्याचं, हेही नीटसं कळलं नाही.

"पुरण कमी गोड करतो," ते घाईघाईने म्हणाले, "तुमच्यासाठी. अर्धाच खा. अर्धा मी..."

"आधी चला, जरा समुद्रापर्यंत चालून येऊ. डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलं असेल ना चालायला?"

"सांगितलंय. पण आधाराशिवाय जमत नाही अजून."

मी खांदा पुढे केला. त्यांनी हात ठेवला, पण इतका अलगद, की जणू मी बनसारखी दबेन.

"नीट टेका."

"जड आहे मी..."

"टेका हो. पेलेन मी!"

आणि त्यांनी सगळा भार टाकला. पाय घट्ट रोवून मी तो पेलला. गल्लीच्या टोकाला समुद्र चमकत होता.

"चिझुरुसान," आडनाव सोडून त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली, "आता डावीकडे की उजवीकडे?"

"कुठेही," मी म्हणाले. "पण हळूहळू."