काचेतला रामधन

ढाणकीजवळच्या तांड्यावर त्या बँडवाल्यांनी माझं डोकं खाऊन टाकलं. सन एकसष्ट, चैताचं ऊन, अन् अंगात लोकरीचे लाल कोट. एक हलला की दुसरा हसे. फोटोच्या दोनच काचा सोबत आणल्या होत्या, त्यातली एक अशीच वाया गेली. उमरखेडची शेवटची मोटार पाचले होती.

"भाऊ, ही काच तरी नोका बिघडवू," सोनीबाई म्हणाली. ढोलवाल्या रामधनची ती माय. रामधनसाठी फुलसावंगीकडची जमनी नावाची पोरगी पायली होती. पोरीच्या बापाचा पाय मोडला होता, तो पोराले पाहायले येऊ शकत नव्हता. फोटो पसंत पडला तरच लग्न, अन् याच्याआधी दोन ठिकाणांहून नकार आलता.

"मंग घाम पुसायले सांग सगळ्याइले," मी खेकसलो. सगळ्यांच्या कॉलरी भिजल्या होत्या. रामधनची कोरडी, टोपी मात्र चिंब.

काळ्या कपड्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसते, डोकं खाली, पाय वर. वीस वर्षं मी तसंच पाहत आलो. दहा जण उलटे होते. रामधन सुलटा.

कपडा काढला. तो रांगेत नीट उभा होता. परत आत गेलो. सुलटाच.

"काहून थांबले, भाऊ?"

"काई नाई."

भिंग पुसलं, कॅमेरा सरकवला, स्वतःलेच चार शिव्या हासडल्या. मोटार चुकली असती. वैतागून काढला फोटो.

दुसऱ्या दिवशी कागदावर दहा जण पायांवर उभे. रामधन ढोलासकट डोक्यावर. टोपी काही पडली नव्हती.

मले भेव नाही, राग आला. एवढी मेहनत मातीत, अन् त्या मायले आता काय सांगू? कात्री घेतली. रामधनले कापून काढलं, सुलटा करून चिकटवला, कडा पेन्सिलीनं बुजवल्या. आठ दिवसांत पसंती आली. पोराचं भलं झालं म्हटलं, अन् विषय सोडला.

वैशाखात लग्नाच्या फोटोले सोनीबाईनं मलेच बोलावलं. नवरा-नवरीले मांडवाबाहेर उजेडात उभं केलं. मी काळ्या कपड्यात शिरलो.

रामधन उलटा होता, चारचौघांसारखा. माझा जीव भांड्यात पडला.

मंग बाजूची जमनी पायली.

सुलटी.

मी बाहेर आलो. रामधनची कॉलर ओलीचिंब झाली होती.

"घ्या न भाऊ लवकर," सोनीबाई म्हणाली, "पोरगी घामेजली."

हे लग्न माझ्या कात्रीनं जमवलं होतं. जमनी माझ्याकडे पाहत उभी होती. तिच्या हनुवटीपासून हळदीचा एक ओघळ निघाला होता, अन् गालावरून हळूहळू डोळ्याकडे चढत होता.