एव्हारिस्तोचा नंबर

आता दिवे गेलेच आहेत, डॉमिनोचे ठिपकेही दिसत नाहीत, म्हणून सांगतो. हे मी भोगलेलं नाही. ओस्मानीनं भोगलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. मी चाळीस वर्षं विद्यापीठात दूरसंचार शिकवला. तरी यात माझं कुठे चुकतंय ते मला सापडलेलं नाही.

"सर, आधी व्याख्यान नको," डावातली यानेलिस म्हणाली. "थेट भूत आणा."

थोडं लागेल, बाई. आपल्या वस्तीचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं नाही. गच्च्यांवरून केबल ओढून ते आपणच उभं केलंय. प्रत्येक घराच्या यंत्राला एक नंबर. नंबर घेण्याआधी यंत्र सगळ्यांना विचारतं, हा कुणाचा आहे का? कुणी बोललं नाही, तर नंबर मोकळा.

या केबल एव्हारिस्तोनं ओढल्या. सात नोव्हेंबरच्या पहाटे तो झोपेतच गेला; आता ते काम ओस्मानी बघतो. जाळ्यातलं माणूस गेलं की नऊ रात्री त्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही, ही आपली रीत. कुणी घातली, ठाऊक नाही.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. आठवी रात्र. पावणेआठ वाजता ओस्मानी पक्कड आणि जुना लॅपटॉप घेऊन जिना चढत होता. नवं बिऱ्हाड आलं होतं, त्यांना एव्हारिस्तोचा नंबर देऊन जोडायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर एव्हारिस्तोची बायको मिग्दालिया दारात कॉफी गाळत बसली होती.

"एक रात्र थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

"वहिनी, नंबर म्हणजे काय खुर्ची आहे? मेलेला माणूस बसायला येणार आहे होय?"

"जिवंत होता तेव्हा तरी कुठे खुर्चीवर बसायचा? सदा त्या गच्चीवर." तिनं कप पुढे केला. "पी. आणि दम्याचा पंप घेतलास का?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

गच्चीवर बंद लिफ्टच्या मशीनची खोली. लोखंडी दार, कडी बाहेरून. आत जाळ्याचा मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ते खोकं: केबल खोचायच्या चोवीस जागा, प्रत्येक जागेला एक बारीक दिवा, आणि वीज गेली तरी मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारं. बाकी कबुतरांची घाण आणि धूळ. ओस्मानीनं लॅपटॉप जोडला, एव्हारिस्तोचा नंबर घातला. लॅपटॉपनं तो घेतला नाही. हा नंबर दुसऱ्या यंत्राकडे आहे, म्हणाला.

ओस्मानी हसला. एव्हारिस्तोचं यंत्र तर वहिनींनी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकललं होतं. कुणीतरी चोरून नंबर लावलाय, एवढंच त्याला वाटलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. वारा आला, दार आदळलं, आणि बाहेरची कडी आपसूक लागली.

त्यानं धक्के दिले. हाका मारल्या. मोबाइलला रेंज नाही, वीज गेली की टॉवरही जातो. धूळ उडाली होती. छाती घट्ट होऊ लागली, आणि पंप घरी.

उरला लॅपटॉप. त्यानं जाळ्यातल्या प्रत्येक नंबराला हाक घातली, म्हणजे 'आहेस का?' असं विचारलं. उत्तर कुठून येणार? घराघरांतली यंत्रं बंद. शेवटी त्यानं तोही नंबर टाकला.

उत्तर आलं.

उत्तराला किती वेळ लागला ते यंत्र लिहितं, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. तिथे आकडा होता नऊशे. लॅपटॉप सारखी हाक घालत राहिला. सहाशे चाळीस. तीनशे दहा. या आकड्यावरून अंतर मोजता येत नाही, हे मीच वर्गात शिकवायचो. म्हणजे... सहसा येत नाही.

एकशे वीस.

ओस्मानीचं बोट हाक थांबवायच्या कळीवर होतं. थांबवलं, तर कुणीच येणार नाही. श्वास तर शिट्टीसारखा वाजत होता. नाही थांबवलं, तर...

"तर कोण येणार?" डावातल्या दायरोननं मध्येच विचारलं.

मला विचारू नकोस.

चाळीस.

नऊ.

ओस्मानीनं बोट उचललं. "एव्हारिस्तो," तो म्हणाला, "चुकलो. नंबर तुझाच."

दोन.

मग एकाहून कमी. त्याच्याखाली आकडा नसतो. तेवढ्या वेळात उत्तर देणारा... त्याच खोलीपाशी असतो.

दाराबाहेर काही वाजलं नाही. पावलं नाहीत. श्वास नाही.

कडी सरकली.

बाहेर रिकामी गच्ची होती. तो गुडघ्यांवर रांगत तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला. मिग्दालियानं त्याच्या घरून पंप आणवला आणि तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वीज असताना, मी त्याच्याबरोबर वर गेलो. स्विचच्या चोविसाव्या जागी हातभर नवी केबल खोचलेली. दुसरं टोक जमिनीवर, कशालाच न जोडलेलं. "मी लावली नाही," ओस्मानी म्हणाला. मी ती उपटली. तरी त्या जागेचा दिवा जळतच राहिला. स्विच बिघडला असेल, म्हटलं... माझाही विश्वास नव्हता. मुख्य वीज बंद केली. मग बॅटरीची तार काढली.

तेवीस दिवे विझले.