डाव्या बाजूचं वजन

यंदाच्या ऑगस्टात शाकीरच्या बोटीला पंखा बसवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. शाकीरचं आखाडा बाळापूरला वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या शेजारी मी तीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतो. ही बोट त्यानं एका बचाव पथकासाठी बांधली होती. दोन अरुंद नावा शेजारी शेजारी ठेवून वरून जोडल्यासारखी. तिला कॅटामरान म्हणतात. मागं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याच्याखाली पाण्यात पंखा. दोन खुर्च्या, एक उजव्या नावेवर, एक डाव्या. चालवणारा उजवीकडे बसतो.

लोकांना वाटतं, मोठा पंखा लावला की बोट जोरात पळते. तसं नसतं. पात्यांचा पीळ जास्त झाला की इंजिनाला ओझं होतं, ते दमतं. पीळ कमी पडला की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट मागंच राहते. आमच्या इंजिनाला पूर्ण वेगात मिनिटाला पाच हजार आठशे फेरे मिळायला पाहिजे होते. ते बोटीत किती वजन आहे त्यावर ठरतं. म्हणून जेवढी माणसं नंतर बसणार, तेवढं वजन आधी ठेवून बघावं लागतं.

पथकाची दोन माणसं बसणार होती. उजवीकडे मी, बहात्तर किलो. डावीकडे बहात्तर किलो वाळू, लहानमोठ्या पिशव्यांत मोजून भरलेली. दोन्ही बाजू सारख्या असल्या की ही बोट सरळ जाते. एक जड झाली की तिकडं ओढते. तराजूच म्हणा.

इसापूर धरणावर मी रोज सकाळी सातला जायचो. तीन पंखे लावून पाहिले. दुसरा जवळपास बराबर होता. त्याच्या पात्यांच्या मागच्या काठाला हातोडीनं नखाएवढा बाक दिला आणि फेरे नेमके पाच हजार आठशेवर आले. काम संपलं होतं. गुरुवारी बोट द्यायची ठरली.

सोमवारी सहज एक फेरी मारायला गेलो, तर बोट डावीकडं ओढायला लागली.

मला वाटलं डाव्या नावेत पाणी शिरलं. काठाला आणून खालचं बूच काढलं. आत कोरडं ठणठणीत. मग मी वाळूच्या पिशव्या एकेक करून काठावर टाकत गेलो आणि फेरी मारत गेलो. एक्केचाळीस किलो उरली तेव्हा बोट सरळ झाली. म्हणजे डाव्या बाजूला एकतीस किलो जास्तीचे होते. पिशव्या शाकीरच्या काट्यावर परत मोजल्या. मी स्वतः काट्यावर उभा राहिलो. बहात्तर.

एवढी वाळू काढल्यावर बोट हलकी व्हायला पाहिजे होती. इंजिनाचे फेरे वाढायला पाहिजे होते. ते पाच हजार आठशेच राहिले.

मंगळवारी पस्तीस किलो वाळू लागली. म्हणजे सदतीस. बुधवारी एकोणतीस. म्हणजे त्रेचाळीस.

बुधवारी घरी येऊन मी करुणाची फाईल काढली. करुणा माझी बायको. फेब्रुवारीत गेली. पोटाचा कॅन्सर होता. नांदेडच्या दवाखान्यात दर खेपेला तिचं वजन करायचे आणि फाईलवर लिहायचे. अठ्ठावन्न, चोपन्न, एकोणपन्नास, त्रेचाळीस, सदतीस, एकतीस. एकतीसच्या पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

मी ते आकडे खालून वर वाचले. सोमवारचे एकतीस, मंगळवारचे सदतीस, आजचे त्रेचाळीस.

तिला एकदा बोटीत बसायचं होतं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा चोपन्न किलोची होती. मी म्हटलं होतं, आधी वजन भरू दे, मग नेतो.

गुरुवारी शाकीर काठावर आला. मी पिशव्या चढवत होतो.

"रविंद्रदादा, वाळू लई कमी झाली," तो म्हणाला. "का तुमीच वाळून राहिले?"

"काट्यावर बहात्तरच हाय मी."

"मग आज देऊन टाकू बोट. पथकवाल्यांचा दोनदा फोन आला. कयाधू नदीला पाणी चढून राहिलं."

"पंखा थरथरतो. आणखी दोन-तीन दिवस लागतील."

त्यानं पंख्यावर हात फिरवला. तीस वर्षांत मी त्याच्याशी कामाबद्दल खोटं बोललो नव्हतो.

"वाळू राहू द्या. मी बसतो डाव्या अंगाला. मला कळंल कुठं थरथरतो ते."

"तिथं नको बसू."

"काहून?"

"तुझं वजन जास्त हाय."

"माझी बायको बी इतकं तोंडावर बोलत न्हाई," तो हसत म्हणाला आणि त्यानं लगेच हसू आवरलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रविवार. त्याच्या म्होरं मी थांबणार न्हाई दादा. तिकडं माणसं हायेत."

मी हो म्हटलं. हिशेब सोपा होता. गुरुवारी एकोणपन्नास, शुक्रवारी चोपन्न, शनिवारी अठ्ठावन्न. शनिवारी ती पूर्ण बरी होणार होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

मी तिच्याशी बोलायला लागलो होतो. धरणाच्या मधोमध इंजिन बंद करायचं आणि समोर बघत बोलायचं. डावीकडे बघायची हिंमत होत नव्हती. बघितलं तर रेक्झीनची रिकामी खुर्चीच दिसणार, आणि दिसली की वजन जाईल, असं वाटायचं. पाणी गढूळ होतं. लांबवर एखादा मासेवाला जाळं ओढत असायचा. मी तिला पल्लवीचं सांगितलं, आमच्या लेकीचं, की तिला नांदेडलाच नोकरी लागली. गॅसची शेगडी बदलली ते सांगितलं.

शुक्रवारी जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटच्या रात्री वॉर्डात ती मला हाका मारत होती. मी दाराबाहेर बाकावर बसून होतो. ऐकू येत होतं. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी आत गेलो नाही. "माफ कर," मी म्हटलं. बोट तशीच सरळ, स्थिर होती. मला वाटलं, तिनं ऐकलं.

शनिवारी चौदा किलो वाळू लागली. अठ्ठावन्न. मी काठावर उतरून तोंड धुतलं आणि खूप रडलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा घरी जाऊन पोटभर जेवलो.

रविवारी शाकीर दहाला येणार होता. मी सातला निरोपाची फेरी मारायला गेलो. चौदा किलो वाळू डावीकडे ठेवली आणि निघालो.

बोट डावीकडे ओढायला लागली.

मी वाळू तिथून काढली. तरी ओढत होती.

मी ती चौदा किलो माझ्या पायाशी, उजवीकडे घेतली. तेव्हा कुठं बोट सरळ झाली. म्हणजे शहाऐंशी.

करुणा कधीच अठ्ठावन्नच्या वर गेली नव्हती. पल्लवीच्या वेळी पोटुशी होती तेव्हासुद्धा नाही.

थोड्या वेळानं बोट पुन्हा डावीकडे कलली. माझी बाजू पाण्यातून वर यायला लागली. फेरे पाच हजार सहाशे झाले. मग पाच हजार चारशे. इंजिन दमत होतं.

मी इंजिन बंद केलं. कुठंच आवाज नव्हता.

"करुणा?" मी म्हटलं.

डाव्या खुर्चीचं रेक्झीन करकरलं. शेजारी बसलेलं माणूस आपल्याकडे वळलं की करकरतं, तसं.

मी समोर बघत राहिलो. हातानं चाचपून इंजिन चालू केलं आणि काठाला आलो. सगळ्या वाटेत ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही.

दहाला शाकीर आला. बोट गाडीवर चढवायला तो एकटाच उजवीकडे बसला. बोट त्याच्या बाजूला झुकली, रिकामी बोट झुकते तशी. "आता थरथर न्हाई दादा, मस्त झाला पंखा," तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात पथकानं त्या बोटीतून पुरातली माणसं काढली. बोट सरळ पळते आणि फेरे बराबर मिळतात, असा त्यांचा निरोप आला.

परवा पल्लवीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, तुमी आईचं नाव काहून काढत न्हाई आता? पहिलं तर सारखं घ्यायचे."

"काढतो की."

"न्हाई काढत. मी बघून राहिले. विसरले का तिला?"

तिचा आवाज रडवेला झाला होता. तेव्हा तरी मी नाव घ्यायला पाहिजे होतं. मी घरात एकटाच होतो. दार लावलेलं होतं.

मी म्हटलं, "जेवलीस का?"