खोट नसलेली जागा

"तुम्ही घ्या ना."

"छे, छे! तुम्ही आधी आलात."

"अहो, आपण बरोबरच आलो…"

दोन निमुळत्या कॅनो होड्या, दोन बाजूंनी आलेल्या, आणि दोन्हींची नाकं एकाच दगडाला एकाच वेळी टेकलेली. सूर्य पाइनच्या शेंड्यांवर उतरला होता. पश्चिमेकडून वारा उठत होता. किटली तळ्यावर तंबू टाकायची ही एवढी एकच जागा रिकामी राहिली होती. बाकी सगळीकडे धूर दिसत होता.

एका होडीत सिल्वी कॉर्पेला होती, गावच्या शाळेत पहिलीला शिकवणारी. दुसरीत एक उंच, उन्हाने रापलेला तरुण. ओळख ना देख.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या त्या गावांत एक जुनी रीत आहे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदाही 'नको'च. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग खाली बघून म्हणायचं, 'बरं, इतकं म्हणताय तर…' कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो, नाहीतर रानातली मुक्कामाची जागा. आणि रानात मन मानेल तिथे तंबू टाकता येत नाही. जिथे लोखंडी जाळीची चूल रोवलेली असेल, तिथेच. जो आधी पोचेल, त्याची जागा.

पण दोघं बरोबरच पोचले तर? आणि दोघंही त्या गावांकडचेच असतील तर?

"मला तसंही पुढच्या तळ्यावरच जायचं होतं," सिल्वी म्हणाली. साफ खोटं.

"मलाही," तो म्हणाला. तेही खोटं.

दोघांनी वल्ही मारली आणि विरुद्ध दिशांना निघून गेले. जागा तशीच रिकामी.

सिल्वी बेटाला वळसा घालून लव्हाळ्यात जाऊन थांबली. तो परत येईल, तंबू टाकेल, मग आपण बघू कुठे जायचं ते. डास कानाशी गुणगुणायला लागले. तिने मानेवर एक चापट मारली. तेवढ्यात लव्हाळ्यातून दुसरी चापट ऐकू आली.

"तुम्ही अजून इथेच?"

"मी… कमळं बघत होतो."

"मिटलेली?"

"मिटलेली पण छान दिसतात," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

सिल्वीला हसू आवरेना. मग त्यालाही. हसता हसता ठरलं, की जागा दोघांनी वाटून घ्यायची, एक तंबू या टोकाला, एक त्या टोकाला. पण परत जाऊन बघतात तो काय! तिथे एक निळा तंबू उभा. शिकागोहून आलेलं एक कुटुंब, तीन मुली, चुलीवर सॉसेज तडतडतायत.

"या ना!" त्यातली बाई मोकळेपणाने म्हणाली. "जागा भरपूर आहे."

"नको, नको!" दोघं एका सुरात म्हणाले.

"बरं, मग शुभ रात्री!" असं म्हणून बाईंनी सॉसेज उलटलं.

दोघं पाण्यात तसेच थांबले. दुसऱ्या आग्रहाची वाट बघत. तो आग्रह काही आला नाही.

"शहरातली माणसं," तो हळूच म्हणाला.

"एकदा 'नको' म्हटलं की खरंच समजतात," सिल्वी म्हणाली.

आता पुढचं तळं गाठण्यावाचून इलाज नव्हता. मधल्या रानवाटेवर होड्या डोक्यावर उलट्या घेऊन दोघं चालू लागले. तो पुढे, ती मागे. होडीखालून आवाज घुमत होते.

"मी रूडी ग्राहेक. वनखात्यात आहे. या मुक्कामाच्या जागांची देखभाल करतो. चुली रोवतो, पडलेली झाडं कापतो."

"म्हणजे सगळ्यांच्या जागा सांभाळणारा माणूस, आणि त्यालाच जागा नाही?"

"लागलं हां ते," पुढच्या होडीखालून आवाज आला.

वाट संपली आणि सिल्वीचे पाय थांबले. डोक्यावरची होडी खाली ठेवायचंसुद्धा तिला सुचेना.

टेकडीच्या आड वाऱ्याचा मागमूस नव्हता. तळं असं निश्चल, की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, ते कळेना. गुलाबी ढग वर होता आणि खालीही होता. समोरच्या काठावरची झाडं त्यांच्याच सावल्यांवर उभी होती. मधोमध एक लून पक्षीण चालली होती, पाठीवर पिसांत दडलेलं एवढंसं पिल्लू घेऊन. तिच्यामागे उमटणारी पाण्याची रेघ काठापर्यंत आली… आणि त्यांच्या पायांशी विरली.

"मी लहानपणापासून इथे येतेय," सिल्वी कुजबुजली. "तरी दर वेळी…"

"मलाही," रूडी म्हणाला. या वेळी ते खोटं नव्हतं.

जागा रिकामी होती. दोघांनी दोन टोकांना तंबू टाकले. सकाळी कॉफी पिताना सिल्वीने सांगितलं, ती एकटीच का हिंडतेय ते. तिची हेल्मी मावशी. आईमागे तिनेच सिल्वीला वाढवलं. चाळीस वर्षं लोकांना या तळ्यांतून फिरवलं. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरली आणि खुबा मोडला. आता म्हणते, बर्फ पडायच्या आत एकदा तळ्याकाठी झोपायचंय. पण जागा मला साजेशी बघ.

"साजेशी म्हणजे?"

"होडी वाळूवर सरळ लागली पाहिजे, दगड चढायला नको. जमीन सपाट. संडासाचा तो उघड्यावरचा लाकडी खोका जवळ, चढण नको. आणि तंबूच्या दारातून सूर्य उगवताना दिसला पाहिजे."

"मावशी जागा शोधतायत की जावई?"

सिल्वीने कपातली उरलेली कॉफी त्याच्या बुटांवर ओतली.

"शनिवारी मी मोकळा असतो," रूडी बूट झटकत म्हणाला. "म्हणजे… तुम्हाला चालणार असेल तर. शोधायला."

"नको, कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात."

"नको हो, खरंच."

"येतोच मी."

"बरं," सिल्वी खाली बघत म्हणाली, "इतकं म्हणताय तर…"

मग शनिवार सुरू झाले. दोन होड्या शेजारी शेजारी, वल्ह्यांवरून निथळणारं पाणी, आणि गप्पा. तुम्हीचं तू कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

पहिल्या जागेत खरीच खोट होती, संडास टेकडीवर. दुसरीत दगड निसरडे. तिसरी जागा मात्र… शुभ्र वाळू, पाइनच्या सुईसारख्या पानांनी मऊ झालेली सपाट जमीन, आणि पाठीशी पाइन असे उंच की मान मागे टाकून बघावं तर टोपी पडावी. खोडावर हात ठेवला तर आतून वाऱ्याची थरथर हाताला लागे. सिल्वी किती तरी वेळ हात तसाच ठेवून उभी होती. मग तिच्या मनात आलं, ही जागा मावशीला नक्की आवडेल. म्हणजे शोध संपला. म्हणजे… पुढचा शनिवार नाही.

"डास फार आहेत नाही इथे?" ती एकदम म्हणाली.

वारा इतका होता, की डास काय, तिची वेणीसुद्धा ठरत नव्हती.

"हो ना," रूडी लगेच म्हणाला. "फारच."

चौथ्या जागेत खोट रूडीला सापडली. "हे मूळ बघ. म्हातारं माणूस अडखळायचं."

"खरंच की," सिल्वी म्हणाली. मूळ करंगळीएवढं होतं.

पाचव्या जागेत रूडीने बराच वेळ डोकं खाजवलं. "पूर्वेला ती टेकडी आहे. सूर्य जरा उशिरा दिसेल."

"नकोच मग. मावशीला उशीर खपत नाही."

एका शनिवारी वादळाने गाठलं. दोघं काठावर उलट्या ठेवलेल्या होडीखाली अंग चोरून बसले. एका तळ्यावर गडगडाट व्हायचा, तो दुसऱ्यावर जायचा, तिसऱ्यावर, दूर उत्तरेपर्यंत, जणू कुणी अजस्र पिंप घरंगळत नेतंय. वीज चमकली की अख्खं रान पांढरं व्हायचं, प्रत्येक पान वेगळं दिसायचं. सिल्वी भ्यायला विसरली, नुसती बघत राहिली. मधे टोपीत रानातली निळी बोरं होती. दोघांची बोटं टोपीत एकदमच गेली… आणि तिथेच थांबली.

"सिल्वी…"

"काय?"

"…तुझ्या गालाला निळं लागलंय."

"कुठे?"

त्याचा हात वर आला, गालाच्या अगदी जवळ. मग अर्ध्यावरून मागे गेला. "तिथेच. उजवीकडे."

तिने तो गाल घरी पोचेपर्यंत पुसला नाही.

ऑगस्ट सरत आला. मावशीच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाचा वास भरला होता. मावशीने पाव कापून सिल्वीपुढे सरकवला.

"आख्ख्या मुलखात तळ्यांची मोजदाद नाही. आणि एका म्हातारीला पाठ टेकायला जागा मिळेना होय?"

"बघतोय ना, मावशी."

"बघताय, ते दिसतंय मला. काय बघताय, ते विचारत नाही मी." मावशी हसली आणि टेबलाला धरून उठायला गेली. पहिल्या खेपेला उठता आलं नाही. दुसऱ्या खेपेला ओठ आवळून उठली, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर बर्चचं झाड पिवळं पडायला लागलं होतं. "पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही, सिल्वी. मला या वर्षीच ने."

सिल्वीने हातातला पाव खाली ठेवला. आपण एका म्हातारीचा उन्हाळा खर्च करतोय, आणि कशासाठी? एका मुलाला सरळ दोन शब्द आपल्याला सांगता येत नाहीत म्हणून.

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी दोघं अंधार असतानाच निघाले. एका अरुंद ओढ्यातून, बीव्हर प्राण्यांनी फांद्यांनी घातलेल्या बांधावरून होड्या ओढत, ते एका लहानशा तळ्यात आले. धुकं इतकं दाट होतं, की रूडीची होडी नुसती आवाजावरून कळत होती. मग तळाशी वाळू सरसरली आणि होडी आपोआप, हलकेच, काठाला लागली.

मागे लोखंडी जाळीची चूल. बाजूला पाइनच्या सुयांची गादी, बशीसारखी सपाट. दोघं खोट शोधत हिंडू लागले. रूडीने पाय आपटून जमीन बघितली. सिल्वीने मुळं शोधली. मग रूडीने जमिनीवर आडवं पडूनही बघितलं. संडासाचा खोका दहा पावलांवर, सरळ वाटेने.

आणि तेवढ्यात सूर्य उगवला, अगदी समोर.

धुकं आधी राखाडी होतं, मग गुलाबी, मग एकाएकी सगळं सोन्याचं झालं आणि वर उचललं गेलं. त्याखाली पलीकडच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, एक मूस जातीची हरणी उभी होती, घोड्याहूनही उंच. शेजारी तिचं लांब टांगांचं पाडस. तिने पाण्यात बुडवलेलं तोंड वर काढलं आणि ओठांवरून निथळणारे थेंब पाण्यावर पडले… टप, टप. एवढ्या लांबून ते ऐकू आले. जगात दुसरा आवाजच नव्हता.

सिल्वीचे डोळे भरून आले.

"रूडी… इथे काहीच खोट नाही रे."

रूडीने पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग म्हणाला, "संडासाला दार नाही."

"ते कुठेच नसतं. तूच बसवतोस ते खोके."

"हो," तो पडेल आवाजात म्हणाला. "मीच बसवतो."

सिल्वीने मोठा श्वास घेतला. "त्या वाळूच्या जागेत डास नव्हते."

"माहीत आहे."

"मग 'हो' का म्हणालास?"

"ते मूळ…" रूडी बुटाकडे बघत म्हणाला. "त्याला मुंगीसुद्धा अडखळली नसती."

"आणि ती टेकडी? सूर्य उशिरा दिसेल म्हणालास ती?"

"ती… पश्चिमेला होती."

"मी पहिलीच्या मुलांना दिशा शिकवते, रूडी!"

"मग तू तेव्हा का नाही बोललीस?"

तिने वेणी मागे टाकली. मग एका दमात म्हणाली, "कारण तू दर शनिवारी दिसावास असं मला वाटत होतं. त्यापायी मी मावशीला थांबवलं. आता आणखी नाही थांबवणार. उद्याच तिला इथे आणते. मग शनिवार असो की नसो."

रूडीने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"मला तर सोमवारपासूनच शनिवारची आठवण यायला लागते," तो म्हणाला. "मी म्हणत होतो… इतर दिवशीही यावं. तुझ्याकडे. शोधायला काही नसलं तरी. म्हणजे… तुला चालणार असेल तर."

'नको, कशाला उगाच त्रास.' शब्द अगदी ओठांवर तयार होते. तिच्या आजीचे, पणजीचे, साऱ्या गावाचे. सिल्वीने ते गिळले.

"ये," ती म्हणाली.

"नाही, तसा आग्रह नाही काही, तू विचार कर—"

"ये म्हटलं ना!"

"अगं, एकदा तरी 'नको' म्हण. पुढे काय बोलायचं ते मला येतच नाही!"

"मग बोलू नकोस."

आणि या वेळी त्याचा हात अर्ध्यावरून मागे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला होडीच्या मधोमध उशीवर बसवून आणलं. बीव्हरच्या बांधावर रूडीने तिला पाठुंगळी घेतलं. "ग्राहेकांच्या घरात एवढा धड खांदा असेल असं वाटलं नव्हतं," मावशी वरून म्हणाली. होडी वाळूला लागली. मावशी काठी टेकत स्वतः उतरली, चार पावलं चालली आणि थांबली.

दोघं श्वास रोखून उभे. आता कुठली खोट काढते कोण जाणे!

मावशीने डोक्याचा रुमाल सोडला. तळ्याकडे बघता बघता तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"चाळीस वर्षं हिंडले," ती अगदी हळू म्हणाली, "आणि ही जागा मला दिसलीच नाही…"

मग तिने डोळे पुसले आणि मागे वळून दोघांना न्याहाळलं. "आता इथे उभे काय राहिलात? होडी घ्या आणि जा. मला एकटीला बघायचंय हे."

"मावशी, कॉफी तरी करून देतो," रूडी म्हणाला.

"माझी मी करीन. आणि लवकर परत येऊ नका."

सिल्वी पुढे बसली, रूडी मागे. उन्हाळाभर दोन होड्या होत्या, आज एकच. काठ मागे पडला. वारा नव्हता. पिवळी झाडं वरही होती आणि खालीही, आणि त्यांच्या मधून होडी चालली होती, पाण्यावर की आभाळावर, कोण सांगणार?

"कुठे जायचं?" रूडीने विचारलं.

"कुठेही," सिल्वी म्हणाली आणि वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. "आज काही शोधायचं नाहीये."