हजेरी क्रमांक शून्य

लिफ्टचं दार मिटता मिटता कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय आत आला. मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळ्यात शेवटी माणूस.

"सॉरी हं… लागलं का?"

"मला नाही. माझ्या कंपासपेटीला विचारा," मी म्हटलं. पेटी खाली पडून उघडली होती आणि कर्कटक त्याच्या बुटाशी जाऊन थांबलं होतं. त्याने वाकून ते उचललं आणि टोकं स्वतःकडे ठेवून माझ्या हातात दिलं. टोकं स्वतःकडे! चार वर्षं घसा फोडूनही हे मी वर्गातल्या एका मुलाला शिकवू शकले नव्हते.

मी भूमितीची मास्तरीण. आमच्या संस्थेने ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचा ठरवला, तेव्हा चोवीस धडे माझ्या वाट्याला आले. प्रत्येक धड्याचा व्हिडिओ, आणि त्याखाली दहा प्रश्नांची चाचणी. व्हिडिओ तो काढणार होता. मनातल्या मनात मी त्याला तिपाईच म्हणू लागले.

तिपाई बोलायचा कमी. "मॅडम, थोडं डावीकडे." "मॅडम, श्वास घ्या." आणि साठ मुलांना धाकात ठेवणारी मी, त्या एवढ्याशा काळ्या भिंगासमोर नुसती तत-पप करायची!

मुलांसाठी धडे खुले होण्याआधी एक नमुना विद्यार्थी ते तपासून बघेल, असं विभागप्रमुख बाईंनी सांगितलं होतं. हजेरी क्रमांक शून्य. मी समजले, असेल काहीतरी यंत्र. पहिल्याच चाचणीत त्याची पर्यायांच्या प्रश्नांची नऊपैकी नऊ उत्तरं चूक! माझं डोकंच फिरलं. शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं, 'अरे दगडा, काटकोन नव्वद अंशांचा असतो. कान कुठे ठेवले होतेस?'

दहावा प्रश्न थोडक्यात कारण लिहायचा. त्याचं उत्तर वेगळं उघडावं लागायचं. यंत्र तिथे काय लिहिणार, कपाळ? मी न उघडताच 'तपासले' असं करून टाकायचे.

यंत्राला बोलण्यात एक सुख असतं, ते उलटून बोलत नाही. हळूहळू माझे शेरे लांबायला लागले. 'आज पुन्हा आठ चूक. जाऊ दे, माझाही दिवस वाईटच होता. तीन तास उभी राहून पायांचे तुकडे पडलेत.' कधी घसा बसल्याची तक्रार, तर कधी ताईची. मी ताईकडे राहते आणि तिला माझ्या लग्नाची माझ्यापेक्षा जास्त घाई आहे. 'ताई म्हणते, कधीतरी जिवंत माणसाशी बोल. मी म्हटलं, माझा शून्य नंबर काय वाईट आहे?'

अकराव्या धड्याला तर मी हद्दच केली. 'तुला एक सांगू? तू कोणाला सांगणार नाहीस म्हणून… तो कॅमेरावाला तिपाई आहे ना, त्याचे हात फार छान आहेत. वायरसुद्धा लोकर गुंडाळावी तशी गुंडाळतो.'

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत त्याच्या हातून वायर दोनदा सुटली. मला वाटलं, झोप झाली नसेल.

बाकी मात्र तो मनकवडाच निघाला. पाय दुखत होते, तर फळ्यापाशी उंच स्टूल हजर. घसा बसला, तर कोमट पाण्याचा थर्मास.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"आवाजावरून, मॅडम." कान लाल.

"आवाजावरून पायसुद्धा कळतात?"

"…मी जरा लाइट बघतो हं."

मी प्रेमात पडत होते, आणि त्याची खबर रोज इमानेइतबारे हजेरी क्रमांक शून्यला देत होते!

चोविसावा धडा झाला त्या दुपारी विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. सोमवारपासून मुलं येणार होती. त्यामुळे नमुना विद्यार्थ्याचं खातं त्याच संध्याकाळी सहा वाजता पुसलं जाणार होतं, उत्तरांसकट. बाईंनी तिपाईच्या पाठीवर थाप मारली.

"काय हो, या बिचाऱ्याला किती वेळा नापास केलंत! चुकीच्या उत्तराखाली सूचना नीट दिसते की नाही हे बघायचं, म्हणजे मुद्दाम चुकायलाच हवं. चोवीस धडे अगदी मन लावून चुकला तो."

मी कप तसाच खाली ठेवला. दगड. हात. लोकर… सगळं एकदम आठवलं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "तुम्ही वाचत होतात? सगळं?"

"हो."

"आणि गप्प राहिलात! मजा आली असेल ना?"

"नाही, मॅडम. मी सांगितलं होतं…"

"कधी?"

"दहाव्या प्रश्नात," तो पायरीकडे बघत म्हणाला. "तुम्ही तो कधी उघडलाच नाहीत. सहाच्या आत उघडा. नंतर नाही सापडायचा."

"मला काही उघडायचं नाहीये!" म्हणून मी तरातरा वर आले. पाच वीस झाले होते. पर्स उचलली, ताईला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली.

"अगं, मुलांच्या मागे लागतेस ना, पेपर पूर्ण वाचा म्हणून? मग तू कधी वाचणार?" असं म्हणून तिने फोनच ठेवला.

मी पर्स खाली ठेवली.

धडा दुसरा, प्रश्न दहा: 'मॅडम, मी यंत्र नाही. खालच्या मजल्यावरचा कॅमेरावाला आहे. जपून लिहा.'

धडा पाचवा: 'पुन्हा सांगतो, मी माणूस आहे. दगडही नाही.'

धडा सातवा: 'स्टूल आणलंय. उंची चालेल का?'

धडा बारावा: 'आज मला काही काम सुचणार नाही.'

धडा पंधरावा: 'तीनदा तोंडी सांगायला आलो. तुम्ही म्हणालात, लाइट नीट आहे ना, मग चला. आणि खरं सांगू? आता सांगायची भीती वाटते. कळलं तर तुम्ही लिहायचं थांबवाल. सगळ्या चुकांमध्ये ही एक माझी स्वतःची.'

प्रत्येक उत्तराखाली माझाच शिक्का होता… 'तपासले.' मला माझीच लाज वाटली. आणि हसूही येत होतं, डोळे पुसता पुसता.

चोविसाव्या धड्याचा प्रश्न होता: एकच नेमका त्रिकोण काढायला किती मापं लागतात? कारण लिहा.

'तीन. माझ्याकडे दोन आहेत. मला मॅडम आवडतात, हे एक. त्यांना माझे हात आवडतात, हे दुसरं. पण दोन मापांत त्रिकोण पक्का होत नाही, हे त्यांनीच शिकवलंय. तिसरं माप त्यांच्यापाशी आहे.'

सहाला पाच कमी. मी शेरा लिहिला, 'उत्तर बरोबर. तिसरं माप घेऊन खाली येतेय. तपासले, या वेळी खरंच वाचून.'

लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. जिना उतरून स्टुडिओत शिरले, तर तो अर्धी वायर गुंडाळून तशीच हातात धरून बसला होता. समोरच्या पडद्यावर अक्षरं होती: हे खातं आता उपलब्ध नाही.

"गेलं," तो म्हणाला.

"त्याआधी वाचलंस का?"

तो मग हळूच हसला. "वाचलंस… शून्य नंबरला तुम्ही 'तू' म्हणायचात आणि मला 'तुम्ही'. चोवीस धडे मला त्याचाच हेवा वाटत होता."

"मग आता तूही मला 'तू' म्हण."

"म्हणतो. पण आधी… तिसरं माप?"

इतके दिवस पानंच्या पानं लिहिणारी मी, आणि आता शब्द सापडेनात. कॅमेरा बंद होता तरी तत-पप.

"श्वास घे," तो म्हणाला.

मी घेतला. "नुसते हात नाही. तू आवडतोस मला. सगळा."

त्याच्या हातून वायर पुन्हा सुटली. या वेळी मला कारण माहीत होतं.