वस्तऱ्याचा वारस

"तू फक्त गंज काढून दे, लिंदा. दाढी आनीबाल करील."

बाप असं म्हणाला आणि एर्मेलिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचा, म्हणजे डॉन एउस्तोर्खियोंचा, उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडल्यापासून नदीकाठच्या मागांगे गावच्या धक्क्यावरचं न्हाव्याचं दुकान तिनेच ओढलं होतं. त्यापायी नावाडी फेलिसियानोला लग्नासाठी थांब म्हणाली, आणि तो बिचारा थांबून थांबून शेवटी दुसरीकडे संसाराला लागला... पण आजोबांचा वस्तरा मिळाला कुणाला, तर धाकट्या भावाला! बाईच्या हाती गळा देऊ नये, हा बालदोविनो घराण्याचा नियम. धक्क्यावरचे हमाल खुशाल तिच्यासमोर मान वर करून बसत. बाप मात्र दाढी वाढवून बसला होता, कारण उद्याच्या कांदेलारिया मातेच्या मिरवणुकीला या घरचा पुरुष त्याच वस्तऱ्याने दाढी केल्याशिवाय जात नसे.

आनीबालने बारांकिया शहराहून आणलेली चामडी पिशवी पुढे केली. "जिवापाड जपलाय गं, ताई. कधी बाहेरसुद्धा काढला नाही."

"तेच तर. चामडं नदीची ओल पितं आणि पात्याला पाजतं. पुजत बसण्यापेक्षा रोज वापरला असतास तर बरं झालं असतं."

त्याने पिशवी तिच्या हातात दिली.

रागारागात का होईना, तिने काम मात्र मनापासून केलं. फिरत्या चाकावर गंज चुटकीसरशी निघाला असता, पण तापून पोलादाचं पाणी उतरलं असतं. म्हणून तेलात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर घेऊन ती दिवसभर घासत राहिली. मग पात्याची पाठ दगडाला टेकवून धार काढली, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवली. मनगटावरचा केस नुसत्या स्पर्शाने तुटला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. इतकं सुंदर पातं आपण दुसऱ्यासाठी जिवंत केलं, याचा तिला संताप आला.

सकाळी बापाच्या गालावर फेस चढला. आनीबालने वस्तरा उघडला, गळ्याशी नेला... आणि मिटून टाकला.

"बाबा, मला येत नाही. कधीच येत नव्हतं. हा ताईचा आहे, तुम्ही दिलात तेव्हाच सांगायला हवं होतं."

"बाईच्या हाती मी गळा देणार नाही," म्हातारा गुरगुरला.

"का?" एर्मेलिंदाने विचारलं. "याच हाताने तुम्हाला आंघोळ घालते, भरवते, तुमचं अंथरूण धुते. तेव्हा हा हात बाईचा नसतो? माझं तारुण्य या दुकानात गेलं, बाबा, आणि तुम्ही मला गंज काढायला ठेवलंत... घ्या. करा तुमची तुम्हीच." वस्तरा त्यांच्या मांडीवर ठेवून ती निघून गेली.

अंगणात ती उभी होती, तोच आतून भावाची हाक आली. डाव्या हाताने म्हाताऱ्याने प्रयत्न केला होता. फेसातून रक्ताची रेघ उतरत होती. तिने तुरटी लावली.

"झोंबतंय," ते पुटपुटले.

"झोंबू दे."

तिने फडक्याने रक्त टिपलं. मग डॉन एउस्तोर्खियोंनी डोळे मिटले आणि हळूच हनुवटी वर केली... सुरकुतलेला, उघडा गळा लेकीपुढे धरला.

तिचा राग काही उतरला नव्हता, पण हात स्थिर होता. गाल झाले, ओठांवरची जागा झाली, गळा झाला. ती वस्तरा पुसू लागली, तसे ते म्हणाले, "आता उलटा हात फिरव."

ती थबकली. गळ्यावर केसांच्या उलट दिशेने पातं फिरवायचं, ते या दुकानात फक्त मालकाने. नोकराला कधी परवानगी नव्हती, आणि इतकी वर्षं तिलाही नव्हती.

तेवढ्यात दारातून एका हमालाने हाक दिली, "मालक, दाढी होईल का?"

"थांब जरा," गळा तसाच वर धरून म्हातारा म्हणाला, "मालकीण कामात आहे."