लोळलेला गहू

जूनची सर आली तेव्हा तो बाबांच्या वाफ्यात उकिडवा बसून पट्टीनं गहू मोजत होता — ओंबीच्या कुसळांसकट.

"कुसळं धरत नाहीत हो उंचीत!" मी ओरडले.

तो भिजत हसला. "मग माझ्या उंचीतून केसही वजा करा."

वेलिझार बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफिया शहरातल्या प्रयोगशाळेतून आला होता. गव्हाची जनुकं त्यानं तिथं तपासलेली. कुठलं वाण प्रत्यक्षात कसं वाढतं, ते बघायला आमच्या दोब्रुजाच्या गहूपट्ट्यात. मी मोजायची, त्यानं लिहून घ्यायचं. लवकरच 'तुम्ही'चं 'तू' झालं... आणि माझ्या डब्यातली चीज भरलेली अर्धी बनित्सा त्याची.

"झोर्नित्सा, आकडा सांगताना तू माझ्याकडे बघतेस."

"ऐकू आलं का, ते बघते."

"नाही आलं. परत सांग."

तो वाफा बाबांनी तयार केलेल्या शेवटच्या वाणाचा होता. बाबा हिवाळ्यात गेले. यंदा वाऱ्यापावसात गहू ताठ राहिला, तरच तो पुढच्या चाचणीत जाणार होता.

"जनुकं म्हणतात, राहील," वेलिझार सांगायचा. मी विश्वास ठेवला — जनुकांवर की त्याच्यावर, कुणास ठाऊक.

मग वादळ झालं. सकाळी सगळं शेत लोळलेलं, आणि बाबांचा गहू उभा! मी धावत गेले, वाकून पाहिलं... पडलेला गहू आपणहून उठतो तो पेरापाशी वाकून, सावकाश. ही ताटं सरळ होती, एकमेकांना टेकवलेली. खाली चिखलात बुटांचे ठसे.

वेलिझार बांधावर उभा होता, कोपरापर्यंत माखलेला.

"तू उभा केलास?"

"तुझा चेहरा बघवला नसता गं."

"बाबांनी असा पडणारा गहू कुणाला पेरू दिला नसता, वेलिझार."

तो हातांवरचा चिखल पुसू लागला.

"लिही. लोळला."

त्यानं लिहिलं.

कापणीनंतर बसथांब्यावर त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षी हा वाफा नसेल. तरी... येऊ?"

राग केव्हाच गेला होता. बाबांच्या मागे माझ्यासाठी इतक्या पहाटे कुणी उठलं नव्हतं. 'ये' — एवढंच म्हणायचं होतं.

"बघ, जमलं तर," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. भला माणूस, आग्रह करणं त्याला कधी जमलंच नाही.

बस हलली तशी मी 'ये' म्हणायला हात उंच करून हलवू लागले, जोरजोरात. त्यानंही खिडकीतून हलवला. त्याला तो निरोप वाटला.